रस्ता पाण्यातून जातो

काय झालं

त्याच्या स्कूटरचं पुढचं चाक आमच्या बावखलाच्या चिखलात रुतलं होतं. बावखल म्हणजे वाडीतलं तळं; सगळा सोनचाफा त्याच पाण्यावर. खिशातला फोन शांतपणे सांगत होता – सरळ पुढे जा.

"इथून रस्ता आहे ना?"

"आहे. मासे जातात."

तो हसला नाही. फोन खिशातून काढून त्याच्याकडे, मग पाण्याकडे बघत राहिला. "तुमच्या उमेळे गावात असं होतं, हे कोणी कळवलंच नाही आम्हाला…"

"आम्हाला म्हणजे?"

"हे नकाशाचं ॲप आम्ही बनवतो. म्हणजे, बरेच जण मिळून. फुकट."

"मग बरं झालं, आज तुम्हीच आलात. नेहमी बिचारे रिक्षावाले येतात."

नाव प्रितेश. राहायला फुलपाड्यात. चाक ओढताना माझा हात त्याच्या हाताखाली आला, आणि दोघांनीही तो जरा उशिरा काढला.

कसं कळवायचं

"तू कळवायचंस ना, उन्नती."

"मला कुठे कोडिंग येतं?"

"कळवायला कशाला पाहिजे? आम्ही कोड बघतो, तळं तूच बघतेस."

मी तिथेच बांधावर बसून त्याच्या फोनवर लिहिलं: तुमचं ॲप भंगार आहे.

"हे मत झालं," तो म्हणाला. "काय केलंस, काय व्हायला हवं होतं, काय झालं – एवढंच लिही. आणि एक चित्र जोड. रिपोर्ट सगळ्यांना दिसतो हां, जगात कोणालाही."

मग मी नीट लिहिलं. वाडीतून स्टेशनचा रस्ता विचारला. तळ्याला वळसा घालायला हवा होता. ॲपने दोन्ही काठांच्या पायवाटा आपल्याच मनाने जोडल्या आणि आम्हाला पाण्यात घातलं.

"वा," तो म्हणाला. एवढंच. पण माझ्याकडे बघून.

स्थिती: तपासणी बाकी

तो रविवारी येऊ लागला. कधी या काठावरून ॲपला रस्ता विचारायचा, कधी त्या.

"झालं का दुरुस्त?"

"झाल्यासारखं वाटतंय… पण जागेवर येऊन बघावं लागतं."

"किती वेळा?"

"खात्री होईपर्यंत."

मी चाफा तोडायचे, तो टोपली धरायचा. बोलणं पायवाटांचंच. एकदा माझ्या केसातली मुंगी काढताना त्याचा आवाज मध्येच थांबला… आणि मला वाटलं, ही तपासणी कधी संपू नये.

काय बदललं

बाबांनी बावखल बिल्डरला दिलं.

"पान्याचा कोन काय देतो गं?" ते म्हणाले. "जागेचा देतात." आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

डंपर आले. माती, फुटक्या लाद्या, कोणाच्या तरी बाथरूमचे तुकडे. बेडूक रस्त्यावर येऊन बसले, चिरडले. मग वरून खडी, रोलर. पाण्याच्या जागी, अगदी ॲपने काढलेल्या रेषेवरच, सरळ रस्ता झाला.

रविवारी प्रितेश त्या रस्त्याच्या मधोमध उभा होता. फोन म्हणाला, सरळ पुढे जा.

"आता बरोबर सांगतंय," तो हळू म्हणाला. "रिपोर्ट… बंद करावा लागेल."

"कर."

"अजून काही कळवायचं होतं का?"

तो वाट बघत होता. बाबा ओट्यावर बसून, जिथे पाणी नव्हतं तिथे बघत होते. माझ्या तोंडून निघालं, "नाही."

त्याने बोट टेकवलं. बंद. मग त्याला यायला काही कारण उरलं नाही, आणि तो आला नाही.

पुन्हा उघडलेला रिपोर्ट

श्रावणात पाणी आपल्या जागी परत आलं. जायला दुसरी जागाच नव्हती त्याला. रस्ता बुडाला, आमचा ओटा बुडाला, चाफ्याची मुळं कुजली. बाबा पाटावर पाय घेऊन बसले.

मी जुना रिपोर्ट उघडला. पाण्याचं चित्र जोडलं. लिहिलं:

काय केलं – त्याने विचारलं, तेव्हा 'नाही' म्हटलं.

काय व्हायला हवं होतं – त्याने थांबायला हवं होतं.

काय झालं – तो गेला.

पुन्हा घडतं का – हो. दर रविवारी.

पाठवून टाकल्यावर आठवलं, हे सगळ्यांना दिसतं. कुठल्याशा देशातल्या अनोळखी माणसाने त्याखाली पसंतीचा अंगठा टेकवला. नंतर बराच वेळ काही नाही. मग एक ओळ आली – जागेवर येऊन बघावं लागेल.

संध्याकाळी तो पलीकडच्या काठावर दिसला. स्कूटर लांब ठेवलेली, चपला हातात. मध्ये काळं पाणी, त्यावर तरंगणारी चाफ्याची पानं.

"कुठून येऊ?" त्याने विचारलं.

"सरळ."

"खोल आहे?"

"माहीत नाही… पूर्वी होतं."

त्याने फोन खिशात टाकला आणि पाण्यात पाय घातला.