बेचाळिसावं गाणं

खोटं वाटलं तर वाटू द्या. ज्याच्यासोबत हे घडलं तो माझा मावसभाऊ आहे, आणि थापा मारण्याइतकी अक्कल त्याला नाही.

मंगळवार होता. दुपारचे सव्वादोन. लख्ख ऊन. त्याच्या चष्म्याच्या दुकानामागचं पार्किंग.

मावशीला, म्हणजे त्याच्या आईला, जाऊन तेव्हा महिना झाला होता. आजारपणात ती मोबाइलवर गाणी रेकॉर्ड करून याला पाठवायची. एकूण एक्केचाळीस. यानं एकही उघडलं नाही. वेळ नव्हता म्हणे. ती गेल्यावर मात्र वेळच वेळ!

गाडीचा स्टिरिओ त्या फाइल वाचेना. मग यानं दुकानातल्या कॉम्प्युटरवर सगळ्या एमपीथ्री करून घेतल्या. मध्येमध्ये उगाच शांतता नको, म्हणून 'शांत भाग काढून टाका' यावरही टिचकी मारली. पेनड्राइव्ह भरला. जुन्या फाइल पुसल्या. स्वतःच्या मोबाइलमधून आणि आईच्याही. फार टापटीप माणूस.

सोमवारी संध्याकाळी त्यानं ताईला, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीला, फोन करून ऐटीत सांगितलं.

ताईनं विचारलं,

"अरे, दोन कडव्यांच्या मध्ये ती तुझ्याशी बोलायची. दम लागायचा, म्हणून अगदी हळू. ते आहे ना त्यात?"

नव्हतं. मशीनला ती कुजबुज शांतताच वाटली होती.

"दार लावून घ्यायची ती. बोलते एवढंच मला सांगायची, शब्द एकही ऐकू दिला नाही. सगळं तुझ्यासाठी होतं... करंट्या!"

फोन बंद.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. जेवणाच्या सुट्टीत तो गाडीत येऊन बसला. डबा उघडलाच नाही. एक्केचाळिसावं, शेवटचं गाणं लावलं. ते संपलं. आता पुन्हा पहिलं सुरू व्हायला हवं होतं.

स्टिरिओवर आकडा आला... बेचाळीस.

गाणं नाही. नुसता श्वास.

खुर्ची करकरली. पुन्हा श्वास...

त्यानं आवाज पूर्ण वाढवला. एसी बंद केला.

कुजबुज होती. आईचीच. पण शब्द लागेनात.

"आई, जरा मोठ्यानं बोल ना गं," तो म्हणाला.

कुजबुज थांबली.

"ऐकतोयस का रे?"

अगदी स्पष्ट. पण स्पीकरमधून नाही... मागच्या सीटवरून.

आरशात मागची सीट रिकामी.

एवढंसं 'हो' म्हणायचं होतं. तिचं बोलणं ऐकण्यासाठीच तर त्याचा सगळा आटापिटा चालला होता. पण त्याची बोबडी वळली. मागे ती थांबली होती. श्वास ऐकू येत होता. बराच वेळ...

मग ती दुसऱ्याच कुणाला तरी म्हणाली, "नाही ऐकत तो."

"मग चल आता."

पुरुषाचा आवाज. त्याच्या वडिलांचा. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली आहेत.

मागचं दार उघडलं... आणि लागलं.

स्टिरिओवर आकडा आला, एक. पहिलं गाणं सुरू झालं.

पेनड्राइव्ह मी स्वतः तपासला. एक्केचाळीसच फाइल आहेत. ताई अजून त्याच्याशी बोलत नाही. तो रोज दुपारी गाडीत जाऊन बसतो.

काल मी त्याच्या शेजारी होतो. शेवटचं गाणं संपलं तसा तो मागे वळून म्हणाला, "ऐकतोय आई. बोल."

कुणी बोललं नाही. मावशी भारी मानी बाई होती, ती काही परत यायची नाही. हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी मागे वळून पाहिलं नाही.