उंच माणसासाठी प्रार्थना

चर्चच्या बाकावर मी स्वतःच्याच चष्म्यावर बसले, म्हणून आमची गाठ पडली!

दुकानात चष्मेवाला एकटाच होता. ठेंगणा, हसऱ्या डोळ्यांचा. अगं बाई... रविवारी मागच्या बाकावर बेसूर गातो, तोच हा!

"बिचाऱ्याचा एवढा छळ का केलात?" वाकडी दांडी बघत त्याने विचारलं.

"उपदेश लांबला. डुलकी लागली."

तो खळखळून हसला. मी पावतीवर पत्ता लिहिला आणि त्याचं हसूच मावळलं. माझ्या अक्षराकडे तो बघतच राहिला.

त्यानंतर गडी भलतंच वागू लागला. दांडी सैल झाली म्हणून जावं, तर म्हणे, "ते नवे शिक्षक पाहिलेत? सहा फूट! गळा तर असा गोड..." पुढच्या खेपेला बँकेतला कारकून. तोही ताडमाड! अहो, दांडी सैल होत नव्हती, मीच ती सैल करत होते. एवढंही या शहाण्याला कळू नये?

शेवटी वैतागून म्हटलं, "तुम्ही चष्मे विकता की लग्नं जुळवता?"

त्याने खिशातून एक चुरगळलेली चिठ्ठी काढली. माझीच! 'नवरा हवा. उंच, गाता गळा, कायमची नोकरी.'

आमच्या चर्चच्या मंडळीत प्रार्थनेची पेटी आहे. त्यात बिननावाची चिठ्ठी टाकायची. ज्याच्या हाती ती येईल, त्याने मागणं पुरं होईपर्यंत रोज प्रार्थना करायची. पुरं झालं की चिठ्ठी लिहिणाऱ्याने सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं.

"पावतीवर अक्षर ओळखलं," कोरडी काच पुन्हा पुन्हा पुसत तो पुटपुटला. "आठ महिने उंच माणूस मागतोय तुमच्यासाठी. कोणाची चिठ्ठी ते ठाऊक नव्हतं, तोवर सोपं होतं..."

"आणि नंतर?"

"नंतर... जीभच वळेना. मग एवढंच म्हणायचो — तुझ्या इच्छेप्रमाणे होवो."

देव भलताच कोणी गळ्यात मारेल, या धास्तीनं मी त्याला मापं लिहून दिली होती. म्हणजे माझा विश्वास तो एवढाच! आणि हा वेडा, मी आवडत असूनही, माझ्यासाठी दुसराच कोणी मागत होता. आवडला मला. फार आवडला.

"द्या ती चिठ्ठी."

"फाडणार?"

"रविवारी कळेल."

रविवारी मी उभी राहिले. "माझी... माझी चिठ्ठी पुरी झाली."

चिठ्ठी मी आईसमोरच लिहिली होती. ती लगेच मान उंचावून जावई शोधू लागली. "अगं, कुठाय?"

"मागच्या बाकावर. जरा खाली बघ, आई."

तो उभा राहिला होता, कानापर्यंत लाल होऊन. आईनं त्याला नीट न्याहाळलं.

"बरं... आणि गाता गळा?"

"गळा आहे. गातोही."

आईनं कपाळाला हात लावला, पण हसत होती. तेवढ्यात गीत सुरू झालं, आणि त्याचा सूर पहिल्याच ओळीला घसरला. मी सरळ मागे गेले.

"सरक की जरा," मी म्हटलं. पहिल्यांदाच अरे-तुरे!

तो सरकला. एका पुस्तकात बघून दोघं गायलो... मीही बेसूरच.