चोवीस अंगठ्या, एक हात

मळईच्या काजू कारखान्यात सकाळी साडेआठला चोवीस बायका बाकांवर बसतात, पुढ्यातल्या हातयंत्राखाली एकेक काजूबी धरतात आणि फोडतात. साठ वर्षं हे असंच चाललं आहे. नवीन काय, तर प्रत्येकीच्या डाव्या करंगळीतली निळी अंगठी.

तिचं सरकारी नाव कळमापी. कातडीचा ओलावा, रक्तवाहिन्यांचं आकसणं आणि मज्जातंतूंतून धावणारे बारीक विद्युतसंदेश यांवरून माणसाला किती दुखतंय हे ती शून्य ते शंभर अशा आकड्यात सांगते. त्या आकड्याला कळांक म्हणतात. कळांक सत्तरच्या वर गेला की अंगठी लाल होते आणि तिला जोडलेलं पुढ्यातलं यंत्र वीस मिनिटं आपोआप बंद पडतं. तेवढा वेळ बाईने हात थंड पाण्यात धरून स्वस्थ बसावं, अशी श्रमस्वास्थ्य मंडळाची अपेक्षा होती. मजुरी फोडलेल्या किलोवर मिळते, स्वस्थ बसण्यावर नाही, हे मंडळाला कुणी सांगितलं नसावं.

काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. त्यावर नुकताच खराखुरा उपाय निघाला होता, तो म्हणजे द्रवमोजे. हातांवर फवारायचे, दोन मिनिटांत पातळ थर बसतो आणि काम संपलं की तो सोलून टाकायचा. बोटांना स्पर्श कळतो, तेल मात्र लागत नाही. पण माल आला होता थोडा, जिल्ह्यातल्या तीन कारखान्यांपैकी दोघांना वर्षभर पुरेल इतकाच. कुठल्या दोघांना द्यायचा हे ठरवण्यासाठी मंडळाने उल्का पेडणेकर या संख्याशास्त्रज्ञ बाईंना नेमलं होतं. उल्काने तीन महिन्यांचे कळांक गोळा केले, गणित केलं आणि अहवालावर झोकात सही केली. निष्कर्ष ज्यांच्याबद्दल असेल त्यांना तो वाचून दाखवायचा असा नियम आहे, म्हणून ती आज मळईला आली होती.

“तिठ्याच्या कारखान्याची सरासरी अठ्ठावन्न, आंबेखोलची पंचावन्न आणि तुमची एकतीस,” ती म्हणाली. “पण सरासरीतला फरक कधीकधी योगायोगानेही पडतो. म्हणून आम्ही विचरण विश्लेषण करतो.”

“म्हंजे काय गे बाय?” कोपऱ्यातल्या बाकावरून सत्यवती धुरींनी विचारलं. त्या साठीच्या होत्या आणि सगळा कारखाना त्यांना काकी म्हणायचा.

“समजा, आंब्याची तीन झाडं आहेत, काकी. एकाच झाडावरही लहानमोठी फळं असतातच. पण झाडाझाडांतला फरक हा त्या फळाफळांतल्या फरकाच्या कितीतरी पट निघाला, तर म्हणायचं की झाडंच वेगळी आहेत. तुमचा कारखाना तसा वेगळा निघालाय.”

“वेगळो म्हंजे कसो?”

“तुम्हाला इतरांपेक्षा कमी दुखतं. म्हणून द्रवमोजे त्या दोघांना मिळतील.”

यंत्रं एकेक करून थांबली. मग वासंती मेस्त्री नावाची तिशीतली बाई हसत उठली आणि तिने दोन्ही तळवे उल्कासमोर धरले. बोटांची टोकं काळी पडली होती, पेरांवरची कातडी उलून लाल मांस दिसत होतं. एका अंगठ्याला नखच नव्हतं.

“ह्या हातांक कमी दुखता?” तिने विचारलं. “परत एकदा सांग बघूया.”

हातच्या काकणाला आरसा लागत नाही. तरी उल्काने सवयीने हातातल्या विद्युतपाटीवर वासंतीचा सरासरी आकडा पाहिला. एकोणतीस. शेजारच्या बाकावर जेमतेम महिन्यापूर्वी कामाला लागलेली, अजून गुळगुळीत हातांची मुलगी बसली होती. तिचा आकडा तीस. उल्का कागद गोळा करून बाहेर पडली.

दुपारी विश्रामगृहात बसून तिने आपलंच गणित नव्याने उलगडलं. विचरण विश्लेषणात शेवटी एक भागाकार असतो. वर गटागटांमधला फरक, खाली प्रत्येक गटाच्या आतला फरक. उत्तराला एफ गुणोत्तर म्हणतात. ते मोठं आलं की गट खरोखर वेगळे. तिचं गुणोत्तर चौतीस आलं होतं. असं उत्तर योगायोगाने येणं जवळपास अशक्यच. त्या दिवशी ती स्वतःवर खूश होऊन चहाला गेली होती.

तिठ्यात कुणाचा कळांक तीस तर कुणाचा नव्वद होता. आंबेखोलमध्येही तेच. मळईत मात्र सगळ्याजणी अठ्ठावीस ते चौतीस यांच्यात. याला तिने अहवालात ‘स्वच्छ माहिती’ म्हटलं होतं. आता तिला स्वतःची लाज वाटली. चोवीस बायकांचं भाजीतल्या मिठावर एकमत होत नाही आणि इथे चोवीस जणींचं दुखणं तीन महिने एकमताने एकतीस होतं, हे तिला तेव्हाच खटकायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ती न कळवता आली आणि दाराजवळच्या पोत्यांवर बसून राहिली. पाऊण तासात सगळं उघड झालं. वासंतीची अंगठी निळ्याची जांभळी होऊ लागली. तिने वर न पाहता खोबरेलाच्या वाटीत करंगळी बुडवली, अंगठी सरकवली आणि शेजारी धरली. “धर गो.” गुळगुळीत हातांच्या मुलीने ती आपल्या अनामिकेत चढवली. अंगठीला बोट ओळखता येत नव्हतं, तेवढा खर्च मंडळाने वाचवला होता. वासंती फोडत राहिली. पलीकडे दुसरी अंगठी जांभळी झाली, तीही सरकली. ज्या हाताला त्या घटकेला कमी जळत असेल, त्याच्याकडे अंगठ्या वाहत जात होत्या. कुणी कुणाला सांगत नव्हतं. वरचं भारी पोतं दोघी धरून उतरवतात तितक्या सहजपणे ते चाललं होतं.

जेवणाच्या सुट्टीत उल्का काकींच्या शेजारी जाऊन बसली.

“कधीपासून चाललंय हे?”

“अंगठ्ये इल्ये त्या दिसापासून.” काकींनी भाकरी मोडली. “लाल झाली काय यंत्र बंद. वासंतीचा दिसाक पाच वेळा बंद पडात. ती काय घराक न्हेतली? आमी काय तुमका फसवूक नाय केलंव, बाय. तिका सांभाळूक केलंव.”

“आणि त्यामुळेच मोजे गेले तुमचे.”

“ता माका काल समाजला.” काकींनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. “आता तू काय लिवतलंस?”

प्रश्न सोपा नव्हता. खरं लिहिलं तर कलम अकरा लागणार होतं, अंगठीत फेरफार केल्यास कामावरून कमी. गप्प बसलं तर वासंतीचे हात आणखी एक वर्ष जळणार होते. एकमेकींना सांभाळल्याची ही शिक्षा, आणि ती आपल्या सहीने होणार, याचा उल्काला संताप आला.

“मी चुकले, एवढंच लिहिणार,” ती म्हणाली.

मंडळाचे उपसंचालक मोघे जिल्ह्याच्या ठिकाणी बसत. सभ्य, नीटनेटके गृहस्थ. आवाज चढवण्याची गरज त्यांना कधी पडली नव्हती.

“मॅडम, चौतीस गुणोत्तर आलंय. तुम्हीच काढलंय.”

“चुकीचं काढलंय, सर. या पद्धतीची एक अट असते. प्रत्येक आकडा स्वतंत्र हवा. एकीचं दुखणं दुसरीच्या आकड्यात मिसळता कामा नये. मळईत ती अट पाळली गेलेली नाही. तिथे चोवीस आकडे नाहीतच. एकच आकडा आहे आणि तो चोवीस वेळा लिहिलाय. एकाच आकड्याचा आतला फरक काय काढणार?”

“मिसळला कसा?”

“कारण त्या बायका एकमेकींपासून सुट्या नाहीत.”

मोघ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “म्हणजे अंगठ्या बदलतात. नावं द्या.”

“देणार नाही.”

“नावं मिळाली तर कलम लावून विषय मिटेल. नाहीतर आहे तो निष्कर्ष कायम राहील.”

“अहवाल माझ्या सहीचा आहे. मी सही मागे घेते.”

“दुसरं कुणी करेल सही. सोमवारी सकाळी नवीन माणूस येतोय, दुपारी मोजे रवाना होतील. तुम्ही तुमचं ओळखपत्र जमा करा.”

“ते मी सोमवारी करीन,” उल्का म्हणाली. मंडळातल्या सात वर्षांत तिने वरिष्ठांना दिलेलं हे पहिलं उर्मट उत्तर. बाहेर आल्यावर तिला बरं वाटत होतं.

मळईला जाऊन तिने काकींना सगळं जसंच्या तसं सांगितलं. काकींनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “नाव खरोखर कोणाचा दिलंस नाय?” उल्काने नकारार्थी मान हलवली. काकी उठल्या, चपला घातल्या आणि वासंतीच्या घराकडे चालू लागल्या.

रविवार हा बाजाराचा दिवस. काकींची नणंद तिठ्यात कामाला होती, वासंतीचं माहेर आंबेखोलचं. सुक्या मासळीच्या दुकानांपुढे त्या दिवशी बायका जरा जास्तच वेळ उभ्या होत्या.

सोमवारी उल्का मळईला आली, ओळखपत्र अजून खिशात होतं. साडेआठला यंत्रं सुरू झाली. नऊच्या सुमारास वासंतीची अंगठी जांभळी झाली. शेजारच्या मुलीने सवयीने हात पुढे केला.

“नको,” वासंती म्हणाली. “आज मी देवचंय नाय.”

ती फोडत राहिली. अंगठी लाल झाली, यंत्र बंद पडलं. मग काकी आपल्या बाकावरून उठल्या, खोबरेल लावून स्वतःची अंगठी काढली आणि वासंतीच्या दुसऱ्या करंगळीत चढवली. तीही लाल झाली आणि काकींचं यंत्र थांबलं. त्यांच्या मागे सगळ्या रांगेने आल्या. दहा बोटांत दहा अंगठ्या, मग त्या काढून पुढच्या दहा, मग उरलेल्या. वासंती दात आवळून हात पसरून बसली होती. चोवीस यंत्रं बंद झाली. कारखान्यात इतकी शांतता उल्काने कधी ऐकली नव्हती. वीस मिनिटं संपली की त्या पुन्हा उठत, पुन्हा रांगेने येत. मुकादम दारात येऊन डोकं खाजवून गेला. यंत्रं मंडळाच्याच नियमाने बंद होती, तो तरी कुणावर ओरडणार?

“काकी,” उल्का हळूच म्हणाली, “आकडे हेही खोटेच झाले ना?”

“कळ खोटी असा?” काकींनी विचारलं. “बघ तिच्याकडे. इतके दिस आमी तुमका थंड हात दाखयलो. आता जळको दाखयतंव. मोजा आता.”

वासंतीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिने हात आखडले नाहीत. उल्काने पाण्याची बादली तिच्या पायाशी आणून ठेवली आणि प्रत्येक फेरीनंतर तिचे हात स्वतः त्यात धरले.

अकरा वाजता तिठ्याचा कारखाना थांबला. साडेअकराला आंबेखोल. तिथेही एकेक जळका हात होताच, फक्त आजवर तो सरासरीत हरवून जात होता.

दीड वाजता उल्काचा फोन वाजला. मोघे होते. नवीन माणसाने तिन्ही कारखान्यांच्या कळांकांची यादी पाहून सही करायला नकार दिला होता.

“मॅडम, आत्ताच्या सरासऱ्या बघितल्यात? अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद, अठ्ठ्याऐंशी. तिन्ही कारखाने बंद. मोज्यांची गाडी दारात उभी आहे. तुम्ही ते विश्लेषण पुन्हा एकदा करा.”

“केलंय, सर. एफ गुणोत्तर एकाच्याही खाली आलं. गटांमध्ये काहीही फरक नाही.”

“पण मला फरक हवाय. मी मोजे पाठवू कुणाला?”

उल्काने फोन काकींपुढे धरला. काकींनी हात पदराला पुसले, तोंड फोनजवळ नेलं आणि शांतपणे विचारलं, “सायबानू, तुमचाच गणित म्हणता आमच्यात फरक नाय. मगे आता तुमीच सांगा, नाय कोणाक म्हणतलात?”