दारातली बिबटीण

तिला एकच फोटो हवा होता. पाणी पिता पिता मान वर करून बघणारी बिबटीण, काळ्यापांढऱ्यात. प्रदर्शनाच्या भिंतीवर तेवढीच एक जागा रिकामी राहिली होती. म्हणून ती जंगलातल्या पाणवठ्यासमोर, चार पायऱ्या चढून जायच्या लाकडी लपणात, प्राण्यांना न दिसता बसायच्या त्या खोपटात, खिडकीला कॅमेरा लावून बसली होती. बाहेर डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचे दिवे लावले होते. नुसत्या डोळ्यांना मिट्ट काळोख. पण कॅमेऱ्याच्या पडद्यावर गवताचं पातंन् पातं दिसायचं, राखेच्या रंगाचं.

सोबत नवरा होता. शाळेत गणित शिकवायचा, म्हणून ती त्याला मास्तरच म्हणायची. जंगलाची त्याला काडीची हौस नव्हती, पण बायकोला एकटीला सोडणंही जिवावर यायचं. थंडी वाढली तसा तो उठला.

"गाडीतून थर्मास आणतो. हा गेलो आणि हा आलो."

गाडी वळणापलीकडे होती. तो गेला आणि थोड्याच वेळात बिबटीण आली. पण पाण्याकडे न जाता ती पायवाटेच्या मधोमध बसली. लपणाकडे यायला तेवढी एकच वाट. हिने वॉकीटॉकी तोंडाशी धरला.

"मास्तर, येऊ नकोस... वाटेतच बसलीये."

"बरं झालं सांगितलंस. काचा लावून बसतो. तूही कडी काढू नकोस."

मग बराच वेळ नुसती रातकिड्यांची किरकिर. आणि अचानक तीही थांबली. पायऱ्या करकरल्या. दारावर टकटक झाली.

"उघड गं. मीच आहे."

मास्तरचाच आवाज. तिचा जीव भांड्यात पडला. हात कडीवर गेला, आणि सवयीने नजर पडद्यावर. बिबटीण अजून वाटेतच होती. कडेला दिसणाऱ्या पायऱ्यांवर कुणीच नव्हतं.

तिने वॉकीटॉकी ओठांना लावला. "मास्तर... कुठे आहेस?"

"गाडीतच. का गं?"

"उघड ना..." दाराबाहेरून आवाज आला. "गार लागतंय..."

फळ्यांच्या फटीतून वास आत येत होता, कित्येक दिवस बंद असलेल्या विहिरीसारखा. पडद्यावर बिबटीण उठली. कान मागे, पोट जमिनीलगत. एक एक पाऊल टाकत ती पायऱ्यांकडे आली आणि गुरगुरली. लपणाच्या फळ्या थरथरल्या.

बाहेरचा आवाज शब्दाच्या मध्येच तुटला.

बिबटीण वर चढली आणि दाराला पाठ लावून बसली. पातळ फळीपलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता. जिच्या भीतीने कडी लावायची, तिच्याच भरवशावर बाई रात्रभर गुडघे पोटाशी घेऊन बसली.

उजाडता उजाडता बिबटीण उतरली, पाण्यावर गेली, आणि पिता पिता तिने मान वर केली. बाईने बटण दाबलं. फोटो मिळाला.

उन्हं आल्यावर मास्तर आला, काखेत थर्मास धरून. ती दाराआडून म्हणाली, "आधी सतराचा पाढा म्हण."

त्याने एका शब्दाने न विचारता सतराचा पाढा म्हटला, अगदी शेवटपर्यंत. मग तिने कडी काढली आणि त्याच्या गळ्यात पडून हसली, रडली. कोमट झालेला चहा दोघांनी एकाच कपातून प्यायला. इतका गोड चहा तिने जन्मात प्यायला नव्हता.

गाडी डांबरी रस्त्याला लागल्यावर तिने रात्रीचं सगळं सांगितलं. त्याने गाडीचा वेग कमी केला.

"तू मला वेड्यात काढशील म्हणून बोललो नाही. माझ्याकडेही तू आली होतीस. टकटक केलंस. म्हणालीस, 'अहो, दार उघडता का?'"

"मग?"

"मग काय! लग्न झाल्यापासून तू मला कधी अहो-जाहो केलंयस? नाही उघडलं."

त्यावर दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. छातीवरचा धोंडा उतरला होता. शेजारून एक भाजीचा ट्रक गेला, त्याचा कर्कश हॉर्नही तिला गोड वाटला.

"दिसायला माझ्यासारखीच होती का रे?" तिने डोळे पुसत विचारलं.

"दिसली नाही गं," मास्तर म्हणाला. "आवाज गाडीच्या खालून येत होता."