गाठ प्रथम कोणाच्या लक्षात आली

रुग्णालयाच्या तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये काका सव्वीस वर्षं फायली सांभाळत होते. बायको गेल्यापासून त्यांना घरी जायची घाई नसे. त्यामुळे कॅन्सर विभागाच्या डॉक्टरीणबाईंनी लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या, दहा वर्षांच्या फायली चाळायचं काम दिलं, तेव्हा त्यांना बरंच वाटलं. गाठ मानेत, काखेत की जांघेत, दुखते का, ताप, रात्रीचा घाम, वजन किती उतरलं, आणि शेवटी, गाठ प्रथम कोणाच्या लक्षात आली. सगळं तक्त्यात भरायचं.

बहुतेक ठिकाणी उत्तर सरळ होतं. दाढी करताना स्वतःला. वेणी घालताना आईला. तिसऱ्या आठवड्यात मात्र काकांचं पेन अडलं. एका फायलीत ‘घरच्यांनी दाखवली’ असं लिहिलं होतं, आणि वरच्याच ओळीत, ‘एकटे राहतात.’ चूक असेल म्हणून त्यांनी ती फाईल बाजूला ठेवली. महिनाअखेर बाजूला तशाच एकतीस फायली झाल्या. डॉक्टर वेगवेगळे, अक्षर वेगवेगळं. एकाचीही गाठ वाटाण्याहून मोठी नव्हती. ताप नाही, घाम नाही, वजन जसंच्या तसं.

“नशीबवान मंडळी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “इतक्या लवकर सहसा कोणी येत नाही. जवळजवळ सगळे बरे झालेत.”

“पण घरात कोणीच नसताना...”

“काका, शेजारीपाजारी असतील हो!”

बत्तिसावी फाईल सध्या वॉर्डातच असलेल्या एका म्हाताऱ्या शिंप्याची होती. काका दुपारी वर गेले. भेटीची वेळ होती, सगळीकडे नातेवाइकांची गर्दी. शिंप्याच्या खाटेजवळचं स्टूल तेवढं रिकामं.

“गाठ कोणी पाहिली हो तुमची?”

शिंप्याने आधी दाराकडे नजर टाकली. “मशीनवर बसलो होतो. मागून मानेला बोटं लागली. गार, पण हलकी. आधी ही बाजू, मग ती. मग एका जागी थांबली.”

“घाबरला नाहीत?”

“बारा वर्षांत मला कोणी हात लावला नव्हता, काका,” तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून निजला.

त्या दिवसापासून काका घरी दाराकडे पाठ करून बसू लागले. आपण काय करतोय हे त्यांना कळत होतं. लाजही वाटत होती.

रविवारी भर दुपारी ते वर्तमानपत्र वाचत होते. दाराला आतून कडी होती.

बोटं जबड्याखाली टेकली.

काका हलले नाहीत. बोटं सावकाश खाली उतरली, गळ्याखालच्या हाडामागे गेली, मग दोन्ही काखांत. जाणत्या माणसाची बोटं होती ती, कसलीच घाई नसलेली.

काही सापडलं नाही.

बोटं उचलली गेली.

“थांबा ना जरा,” काका म्हणाले. स्वतःचाच आवाज त्यांना ओळखू येईना.

खोलीत कोणी नव्हतं. कडी तशीच होती.

थोड्या वेळाने भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पलीकडे एक निवृत्त मास्तरीणबाई एकट्याच राहत. नऊ वर्षांचा शेजार, पण जिन्यात मान हलवण्यापलीकडे ओळख नव्हती.

संध्याकाळी काकांचं दार वाजलं. बाईच होत्या. एक हात मानेवर. चेहरा घाबरलेला नव्हता. खूप दिवसांनी घरी कोणी येऊन गेल्यावर असतो, तसा उजळलेला होता.

“तुम्ही रुग्णालयात असता ना?” त्यांनी विचारलं. “माझ्या मानेत गाठ आहे म्हणे.”