डाव्या सीटचं वजन

मकसूद मिस्त्रीला तुम्ही ओळखता. बारामतीत मार्केट यार्डाच्या मागं ज्याचं गॅरेज आहे, तोच. तीस वर्षांत मी त्याला थाप मारताना पाहिलेलं नाही, म्हणून त्याचं हे सांगतो. सतरा जानेवारी, शनिवार. रात्री साडेअकराला तो एक गाडी चालवून बघायला इंदापूर रस्त्याला लागला. काम एवढंच होतं.

गाडी मोहनरावांची. साठ वर्षांपूर्वीची विलायती स्पोर्ट्स कार. लाल, वरून उघडी, दोनच सीटची. दिसायला देखणी, पण बसायला तिच्यापेक्षा बैलगाडी बरी. आधीच्या मालकानं शर्यतीसाठी तिला कडक स्प्रिंगा बसवल्या होत्या. मोहनरावांच्या बायकोचं, विजयमालाबाईंचं, मणक्याचं ऑपरेशन झालेलं. रविवारी त्यांना याच गाडीतून नरसिंहपूरला देवदर्शनाला न्यायचं, असा मोहनरावांचा हट्ट. डॉक्टरांनी बजावलं होतं, एक जोराचा दणका बसला तर पुन्हा ऑपरेशन.

तीन आठवडे मकसूद त्या गाडीखाली होता. मागच्या स्प्रिंगांतला एकेक पाटा काढला, रबरी बुश बदलले, शॉकअपमध्ये पातळ तेल भरलं, चाकांची हवा उतरवली. प्रत्येक बदलानंतर मडगार्डपासून चाकापर्यंतचं अंतर टेपनं मोजून भिंतीवर खडूनं लिहायचा. भिंत भरली. गाडी काही मऊ झाली नाही. शनिवारी संध्याकाळी मोहनराव चक्कर मारून आले आणि म्हणाले, "मिस्त्री, ट्रॅक्टरला लाल रंग दिलाय व्हय? सकाळी आठला आमच्या हिला घेऊन येतो."

म्हणून ही शेवटची चक्कर. विजयमालाबाईंच्या जागी, डाव्या सीटवर, पन्नास किलोचं वाळूचं पोतं. वाटेत उसाचे ट्रॅक्टर जिथं वजन करतात, त्या वजनकाट्यावर त्यानं गाडी चढवली. काट्यावर रात्रपाळीला दत्तोबा होता. आकडा आला नऊशे. गाडी सातशे ऐंशी, मकसूद सत्तर, पोतं पन्नास. बरोबर.

पुढं पुन्हा तेच. प्रत्येक खड्डा थेट दाढेत वाजला. कालव्याच्या पुलावर त्यानं गाडी थांबवली. इतका वैतागला होता, की पोतं उचलून कठड्यापाशी आदळलं. गॅरेजात तो गिऱ्हाइकाला शेजारी बसवतो आणि दणका कुठं लागतोय ते विचारतो. तीच सवय तोंडातून बाहेर पडली. मोकळ्या रस्त्याकडं बघून तो म्हणाला, "बसा कुणीतरी शेजारी. आन् सांगा तरी, लागतंय कुठं."

रस्त्यावर कुणी नव्हतं. त्यानं गाडी बारामतीकडं वळवली.

आणि गाडी मऊ झाली.

खड्ड्यातून नेली, गतिरोधकावरून मुद्दाम जोरात नेली. पोटातलं पाणी हललं नाही. तीन आठवड्यांनी मकसूद हसला. पण गाडी वजन घेऊन कडक आणि वजन काढल्यावर मऊ, हे उलटं कसं? त्याला राहवेना. त्यानं पुन्हा काटा गाठला.

आकडा नऊशे.

दत्तोबानं खिडकीतून मान काढली. "मकसूदभाई, पोतं कुठाय?"

"पुलावर टाकलं."

"मग साडेआठशे पायजे. उतरा बगू खाली."

मकसूद उतरला. आठशे तीस. रिकामी गाडी सातशे ऐंशीची.

डिकी उघडली. रिकामी. गाडी खाली घेतली, काटा शून्यावर आला, गाडी पुन्हा चढवली. आठशे तीस.

दत्तोबानं टॉर्च डाव्या सीटवर धरला.

सीटचं चामडं दबलेलं होतं. गाडीची डावी बाजू खाली. इंचभर.

इंजिन बंद होतं. तरी गाडी जराशी हलली... बसल्या जागी कुणी सावरून बसावं, तशी.

मकसूदच्या मनात आधी आले ते सकाळचे आठ. या सीटवर विजयमालाबाई बसणार. गाडी मऊ हवी होती, झाली होती. गप्प राहून किल्ली दिली असती, तर मोहनरावांनी पाठ थोपटली असती.

तो पुलाकडं निघाला. एकटा. डावीकडं बघितलं नाही. गाडी मऊ चालली होती.

पुलावर थांबला. फिरून डावीकडचं दार उघडलं.

"जे कोण असाल... उतरा. माझं चुकलं."

काही नाही. खाली कालव्याचं पाणी.

"ही जागा दुसऱ्याची हाय."

बराच वेळ गेला...

मग पाटे करकरले. डावी बाजू हळूहळू वर आली. इंचभर.

येताना काट्यावर गाडी साडेआठशे भरली. घरापर्यंत प्रत्येक खड्डा दाढेत वाजला.

सकाळी मोहनरावांनी चक्कर मारली आणि नको ते बोलले. मकसूदनं मान खाली घालून एवढंच सांगितलं, "जमलं न्हाय. वैनींना हिच्यात बसवू नका." ते दुसऱ्या गाडीनं नरसिंहपूरला गेले. त्याला आजही खातं ते वेगळंच. मऊ गाडी त्याच्या हाताखाली आठ किलोमीटर चालली, आणि त्यात त्याच्या हाताचं काहीच नव्हतं.

त्याच दुपारी तो पोतं आणायला पुलावर गेला. पोतं टाकलं होतं तिथंच आडवं पडलेलं. मधोमध खळगा, माणूस बसून उठल्यासारखा. त्यानं टेप लावला. चार इंच. हातानं वाळू सपाट केली, पण पोतं उचलवेना. तिथंच सोडून तो निघाला, आणि वीसेक पावलांवर त्यानं वळून पाहिलं. भर ऊन होतं. पुलावर चिटपाखरू नव्हतं.

खळगा पुन्हा पडला होता.