गिरिधरनं नेलेले निरोप

गोपिका बसमधून उतरली, पदर सारखा करत सोनेगावच्या विमानतळाच्या तारेच्या कुंपणापाशी आली आणि जागच्या जागी थबकली. टोपी हातात घेऊन, तारेला नाक लावून जो माणूस आत बघत होता… तो तिचाच नवरा होता!

आता बघा, मनोहरराव दुपारी घरातून निघाले होते ते सूत आणायला जातो, असं भिंतीला ऐकवून. आणि तिनं भाचीकडे जाते म्हणून चुलीला ऐकवलं होतं. म्हणजे दोघांनीही चक्क थाप मारली होती. पण उलट विचारणार कोण? तांडापेठेतल्या त्या विणकराच्या घरात नवराबायको तोंडावर बोलतच नसत. नवरा मागावर, बायको सुताच्या कांड्या भरायला, आणि मध्ये एकुलता एक गिरिधर. "गिरी, मायले सांग, कांड्या संपल्या." "गिरी, बाबाले विचार, जेवता का?" सासूसासऱ्यांसमोर बरं दिसत नाही म्हणून लागलेली सवय, ते गेल्यावरही सुटली नाही. पोरगं बोबडं बोलत होतं तेव्हापासून निरोप पोचवत होतं. ते शिकलं, इंजिनीअर झालं, आणि १९७३च्या दिवाळीनंतर इथूनच विमानात बसून अमेरिकेला निघालं. अख्खी गल्ली हार घेऊन आली होती. मनोहररावांची छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी तुटून पडली.

तेव्हापासून घर मुकं झालं. भांडण नव्हतं हो, मधला माणूसच नव्हता! ताट वाढलं की ती वाटी आपटायची, कांड्या संपल्या की ते खोकायचे. आता उरलेला जन्म असाच वाट्या आपटत काढायचा की काय, या विचारानं गोपिकाला रडू यायचं.

मनोहररावांनी वळून पाहिलं. चोरी पकडली गेल्यासारखे कानापर्यंत लाल झाले. मग मिशीतल्या मिशीत हसले.

"बाई… विमान पाहाले आल्या का तुम्ही?"

तुम्ही! गोपिकाला हसू फुटलं. अनोळखी व्हायचंय का? बरं तर.

"हो जी. माहं पोरगं इथूनच गेलं. अमेरिकेत इंजिनेर आहे."

"का सांगता! माहंही."

"पण माहं जास्त हुशार असंन."

"पैज लावता का?" ते म्हणाले, आणि जवळच्या हातगाडीवरून बोरांची पुडी घेऊन आले. दोघं कुंपणाला टेकून बोरं खाऊ लागली. संक्रांत जवळ आली होती, ऊन कोवळं होतं. चार लोकांत नवऱ्याच्या खांद्याशी खांदा लावून उभं राहायची तिची ही पहिलीच वेळ.

"घरचे कसे आहेत जी तुमचे?" त्यांनी विचारलं.

"घुम्मे!" ती म्हणाली. "पण मनानं गोड. मी हे हिरवं लुगडं नेसली का पोराजवळ निरोप धाडत… आज तुही माय चांगली दिसून राहिली म्हणून."

मनोहररावांच्या हातातलं बोर हातातच राहिलं.

"मी? मी तं असं कधी म्हटलं नाही वं."

"नाही?"

"नाही. अन् तू जे पोराजवळ म्हणे, मागाचा आवाज नसला तं मले करमत नाही—"

"मी कुठं म्हटलं जी!"

मग हळूहळू दोघांच्या डोक्यात उजेड पडला. पोरगं निरोपाला पदरचं जोडत होतं!

"लबाड पोट्टं!" मनोहरराव हसू लागले.

गोपिकाला मात्र हसू येईना. सूत मिळेना तेव्हा, चूल थंड होती तेव्हा, त्या गोड निरोपांवर तिनं दिवस काढले होते. आणि त्यातला एकही नवऱ्याचा नव्हता?

"मंग मी इतके वर्षं कोणाच्या बोलण्यावर जगली जी?"

मनोहररावांचं हसू थांबलं. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली. निरोप न्यायला कोणी आहे का म्हणून आजूबाजूलाही पाहिलं असावं. ओळखीचं कोणी नव्हतं.

"गोपिका," ते म्हणाले.

लग्नातल्या उखाण्यानंतर तिचं नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं.

"पोट्ट्यानं खोटं नाही सांगितलं. मी म्हटलं नाही, हे खरं. पण तो मागाजवळ बसून माह्या तोंडाकडे पाहे… अन् मी तुह्याकडे."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"अन् मागाचा आवाज?" त्यांनी हळूच विचारलं.

"माग थांबला का माहा हात थांबते," ती पदरात तोंड लपवून म्हणाली. "त्यानं तेही पाहिलं असंन."

"म्हणूनच तं इंजिनेर झाला! न सांगितलेलं समजते त्याले."

मुंबईचं विमान गडगडत डोक्यावरून गेलं. ज्याच्यासाठी थापा मारून दोघं आली होती, ते विमान एकानंही वर मान करून पाहिलं नाही.

परतताना बसमध्ये ती बायकांच्या बाकावर गेली नाही, त्यांच्याशेजारी बसली. गल्लीच्या तोंडाशी शेजारचे चंपतराव उभेच होते.

"काय गा मनोहर, अमेरिकेची काय खबर?"

एरवी मनोहररावांनी तासभर पोराचं कौतुक ऐकवलं असतं. आज ते म्हणाले, "पोरगं मजेत आहे गा. पण हिरव्या लुगड्यात आमची गोपिका कशी दिसून राहिली, ते पाह्य ना!"

चंपतराव बघतच राहिले. गोपिका लाजून चूर झाली, तरी तिची मान ताठ होती. भर गल्लीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं ती थेट नवऱ्याला म्हणाली,

"चला जी घरी. जेवता का?"